एका कॅमेऱ्याची निवड

२०२५ च्या पावसाळ्यांत माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, तपासावयाच्या उत्तरपत्रिकांच्या शेजारीं, एक कागद तीन महिने पडून होता. त्यावर पांच स्तंभ आंखलेले होते आणि प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर एकेका कॅमेऱ्याचें नांव होतें. डाव्या बाजूस एकाखालीं एक अशीं लक्षणें लिहिलीं होतीं : संवेदकाची लांबी-रुंदी, त्यावरील एका बिंदूचा आकार, सेकंदास निघणारीं चित्रें, थंड करण्याची सोय आणि अर्थात् किंमत. घरीं येणारा पाहुणा तो कागद पाहून 'कॉलेजचें वेळापत्रक वाटतें !' असें म्हणे. माझी पत्नी मात्र त्याला 'पंचांग' म्हणत असे. कारण सकाळीं उठल्याबरोबर मी तो उघडीं, रात्रीं निजण्यापूर्वीं पुन्हां पाहीं, आणि मुहूर्त कांहीं केल्या निघत नसे.

मी गेलीं अठ्ठावीस वर्षें अर्थशास्त्र शिकवीत आहें. पहिल्याच तासाला मी मुलांना सांगतों कीं, वस्तूची खरी किंमत दुकानदाराच्या पावतीवर लिहिलेली नसते; ती वस्तु मिळविण्यासाठीं जी दुसरी वस्तु आपण सोडून दिली, ती तिची खरी किंमत. मुलें हें वाक्य वहींत उतरवून घेतात, परीक्षेंत लिहितात आणि विसरून जातात. मुलांना नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. तें वाक्य स्वतःच्या अंगावर येईपर्यंत मीही तें विसरलोंच होतों, असें आतां कबूल केलें पाहिजे.

दुर्बीण माझ्याकडे २०१७ पासून आहे. आठ इंच व्यासाचा आरसा, ताऱ्यांच्या मागोमाग हळूहळू फिरणारी बैठक, आणि पुण्यांतील आमच्या जुन्या घराची गच्ची, एवढा माझा संसार. इतकीं वर्षें मी तींतून केवळ डोळ्यांनीं पाहत आलों. मृगांतील तेजोमेघ दुर्बिणींतून पाहिला तर आरशावर सोडलेल्या निःश्वासाप्रमाणें करडा दिसतो. त्यांत रंग नसतो, कारण अंधुक प्रकाशांत आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखतां येत नाहीं. शिवाय डोळ्याचा दुसरा एक दोष असा कीं, त्याला सांठवितां येत नाहीं. क्षणापूर्वीं आलेला प्रकाश तो विसरतो आणि पुन्हां नव्यानें पाहूं लागतो. कॅमेरा विसरत नाहीं. हेन्री ड्रेपर या अमेरिकन वैद्यानें ३० सप्टेंबर १८८० रोजीं याच तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें, तेव्हां त्यानें प्रकाशाचा संचय एकावन्न मिनिटें चालू ठेवला होता. पन्नाशी उलटल्यावर मनुष्याला विस्मरणाची धास्ती वाटूं लागते. कदाचित् म्हणूनच मला या वयांत कॅमेरा घ्यावासा वाटला असेल.

पहिला प्रश्न असा पडला कीं, कॅमेरा रंगीत घ्यावा कीं काळा-पांढरा ? माझे एक स्नेही आहेत. ते निवृत्त अभियंते असून आकाशाच्या छायाचित्रणांत मुरलेले आहेत. त्यांनीं रंगीत कॅमेऱ्याचा विचार ऐकतांच, घरांत कोणी रंगीत पाण्याला सरबत म्हणावें तसा चेहरा केला. त्यांचें म्हणणें मला शास्त्रतः खोडून काढतां येईना. रंगीत कॅमेरा हा वस्तुतः काळा-पांढराच कॅमेरा असतो. त्याच्या प्रत्येक प्रकाशग्राही बिंदूवर रंगीत गाळणीचा एक सूक्ष्म तुकडा बसविलेला असतो. दर चार बिंदूंपैकीं दोन हिरवे, एक तांबडा आणि एक निळा. ही मांडणी कोडॅक कंपनींतील ब्राइस बायर यांनीं शोधून काढली व तिचें पेटंट १९७६ सालीं मिळालें. हिरव्या बिंदूला तांबड्या प्रकाशाची वार्ता नसते. ती शेजाऱ्यांकडून अदमासानें भरून घ्यावी लागते. जुन्या वाड्यांत विरजण शेजारच्या बिऱ्हाडांतून मागून आणीत, त्यांतलाच हा प्रकार. तेजोमेघांतील हायड्रोजनचा जो मुख्य तांबडा प्रकाश, ज्याची तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर आहे, तो चार बिंदूंपैकीं जवळजवळ एकाच बिंदूंत शिरतो. उरलेले तीन त्या वेळीं रिकामे बसून राहतात.

काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्यांत ही उधळपट्टी नाहीं. तेथें प्रत्येक बिंदु सगळा प्रकाश घेतो. परंतु रंग हवा असेल तर तांबडी, हिरवी आणि निळी गाळणी एकामागून एक पुढें आणून तीन निरनिराळीं चित्रें घ्यावयाचीं व मागाहून संगणकावर त्यांचें लग्न लावावयाचें. याला धीर लागतो, आणि ढग न येणारी रात्र लागते. माझे स्नेही म्हणाले, "अहो, ज्याला घाई आहे त्यानें आकाशाकडे पाहूंच नये." हें वाक्य मला त्या वेळीं फार पटलें, आणि मीं रंगीत कॅमेऱ्यांच्या तिन्ही स्तंभांवर पेन्सिलीनें एक अस्पष्ट फुली मारली.

दुसरा प्रश्न पहिल्याहून बिकट होता. पाहावयाचें काय ? ग्रह कीं तेजोमेघ ? बाहेरच्या मनुष्याला वाटतें कीं, आकाश एकच आहे तेव्हां कॅमेराही एकच पुरेल. वस्तुस्थिति अशी आहे कीं, हीं दोन आकाशें आहेत आणि त्यांचे स्वभाव परस्परांविरुद्ध आहेत.

ग्रह तेजस्वी असतात, पण लहान. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. शनीची चकती अशा अठरा-एकोणीस विकलांची असते. आपल्या डोक्यावरील हवा सारखी हालत असल्यामुळें ती चकती, चुलीवरील वाफेंतून पलीकडचा दिवा दिसावा तशी, थरथरत राहते. यावर हौशी लोकांनीं एक तोड काढली आहे. सेकंदास शंभरांवर चित्रें काढावयाचीं, दोन-तीन मिनिटांत दहा-पंधरा हजारांची रास करावयाची, आणि त्यांतून ज्या क्षणीं हवा स्थिर होती तेवढीं शेंकडा दहा चित्रें निवडून, एकावर एक ठेवून, बाकीचीं फेंकून द्यावयाचीं. उत्तरपत्रिका तपासतांना हा अधिकार मला कधींच मिळाला नाहीं ! येथें रेंगाळूनही चालत नाहीं. कारण गुरु दहा तासांहून कमी वेळांत स्वतःभोंवतीं फिरतो, आणि पांच-दहा मिनिटें काढलीं तर त्याच्या अंगावरील डाग सरकून चित्र फिसकटतें. म्हणून ग्रहांसाठीं कॅमेरा चपळ पाहिजे आणि त्याचे बिंदु बारीक पाहिजेत. त्याची जागा मोठी नसली तरी चालते.

तेजोमेघांचें आणि दीर्घिकांचें सर्व उलट. त्या मोठ्या असतात, पण अतिशय मंद. देवयानींतील दीर्घिका चंद्राच्या सहापट रुंद आहे, हें सांगितलें तर कोणाला खरें वाटत नाहीं, इतकी ती फिकट आहे. येथें चपळाईचा उपयोग नाहीं. एकेक चित्र मिनिटें-मिनिटें चालवावयाचें व अशा चित्रांची तासन् तास बेरीज करावयाची. या कामांत कॅमेऱ्याची ऊब हाच वैरी होतो. संवेदक तापला कीं, पूर्ण अंधारांतही तो न आलेला प्रकाश नोंदूं लागतो. आणि सुमारें सहा-सात अंश तापमान वाढलें कीं हा खोटेपणा दुप्पट होतो. म्हणून अशा कॅमेऱ्यांत विजेचा शीतक बसवून संवेदक भोंवतालच्या हवेहून तीस-पस्तीस अंशांनीं थंड ठेवतात. ग्रहांच्या कॅमेऱ्याला याची गरज नसते. सेकंदाच्या शतांशांत खोटें बोलून बोलून कितीसें बोलणार !

शेवटीं माझ्या कागदावर सोनी कंपनीचे दोन संवेदक उरले. पहिला 'आयएमएक्स ५३३' : चौरस, बाजू सुमारें ११.३ मिलिमीटर, बिंदु ३.७६ मायक्रॉनचे, शीतकासह मिळणारा, शांत प्रकृतीचा, तेजोमेघांसाठीं उत्तम. दुसरा 'आयएमएक्स ५८५' : रुंदी सुमारें ११.१ आणि उंची ६.३ मिलिमीटर, बिंदु २.९ मायक्रॉनचे, आणि चपळाईंत पहिल्याहून पुष्कळच सरस. बिंदूच्या मायक्रॉनांतील आकारास पांचानें गुणावें, म्हणजे ग्रहांसाठीं दुर्बिणीच्या नाभ्यंतराचें तिच्या व्यासाशीं किती प्रमाण असावें तें निघतें, असा हौशी लोकांचा एक ठोकताळा आहे. माझ्या दुर्बिणीचें प्रमाण दहा. ५८५ ला साडेचौदा लागतें, तें दीडपट करणाऱ्या एका भिंगानें साधतें. ५३३ ला जवळजवळ एकोणीस लागतें. शीतक जोडलेला ५८५ ही मिळतो, म्हणजे मध्यम मार्गही होता. परंतु त्याच्या किमतीचा आंकडा पाहून पत्नीनें जी शांतता धारण केली, तिचा अर्थ समजण्याइतका मी संसारांत जुना झालों आहें.

माझें मन तेजोमेघांकडे ओढ घेत होतें. मनांतून मीं काळा-पांढरा, शीतकाचा कॅमेराच ठरविला होता. एखादें तरी चित्र असें काढावें कीं, तें पाहून स्नेह्यांनीं मान डोलवावी, ही महत्त्वाकांक्षा तींत होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

अशा स्थितींत एका संध्याकाळीं आई आपल्या खाटेवरून म्हणाली, "त्या तुझ्या कॅमेऱ्यांतून शनि दिसेल का रे ?"

आईचें वय तेव्हां चौऱ्यायशीं वर्षांचें होतें. गुडघ्यांमुळें ती गच्चीवर आली नाहीं, त्याला सहा वर्षें होऊन गेलीं होतीं. त्यापूर्वीं तिनें माझ्या दुर्बिणींतून चंद्र पाहिला होता. शनि मात्र राहून गेला. त्या वर्षांत शनि संध्याकाळीं दिसे तो ऐन पावसाळ्यांत, म्हणजे दिसत नसे. आणि ढग हटेपर्यंत तो पश्चिमेकडे कललेला असे. 'पुढच्या वर्षीं पाहूं', असें मी म्हणत गेलों आणि मधल्यामध्यें जिन्याच्या पायऱ्या उंच होत गेल्या.

मीं विचारलें, "शनीच कां ?"

"बत्तीस वर्षें मुलांना फळ्यावर काढून दाखविला," आई म्हणाली, "आणि तुझ्या साडेसातींत दर शनिवारीं त्याला तेल घातलें. ज्याला इतकें तेल घातलें, त्याचें तोंड एकदां पाहावें म्हणतें."

माझी आई प्राथमिक शाळेंत शिक्षिका होती. तिच्या ठिकाणीं भूगोलाचें पुस्तक आणि शनिमाहात्म्य एकाच फडताळांत, एकमेकांना न दुखवितां, सुखानें नांदत आलेलीं आहेत. तिचें बोलणें ऐकून मी मुकाट्यानें माझ्या खोलींत आलों आणि कागद पुढें ओढला. जें तीन महिन्यांत सुटलें नव्हतें तें पांच मिनिटांत सुटलें. खाटेवर बसलेल्या म्हातारीला तीन गाळण्यांचीं तीन चित्रें घेऊन, 'थांब, दोन दिवसांनीं रंग दाखवितों,' असें सांगतां येत नाहीं. तिला जें दाखवावयाचें तें तेव्हांच, रंगासकट, पडद्यावर उमटलें पाहिजे. म्हणजे कॅमेरा रंगीतच हवा. आणि पाहावयाचा शनि. म्हणजे तो चपळ हवा, बारीक बिंदूंचा हवा. ५८५, शीतकाविना. मीं रंगीत स्तंभांवरील फुल्या खोडरबरानें पुसल्या आणि काळ्या-पांढऱ्याच्या स्तंभावर, या वेळीं शाईनें, एक आडवी रेघ ओढली. 'ज्याला घाई आहे त्यानें आकाशाकडे पाहूं नये' हें स्नेह्यांचें वाक्य खोटें नाहीं. पण घाई नेहमीं पाहणाऱ्याच्या अधीरपणामुळेंच असते असें नाहीं.

नोव्हेंबरमधील एका शनिवारीं, आकाश निवळलेलें पाहून, मीं गच्चीवर सर्व जुळवाजुळव केली. कॅमेऱ्यांतील चित्र बिनतारी मार्गानें खालीं आईच्या खोलींतील पडद्यावर जावें अशी व्यवस्था होती. केंद्रित करतांना हात कांपत होते; थंडी तितकी नव्हती. पडद्यावर फिकट पिवळी, पाण्यांत हालावी तशी हालणारी एक चकती दिसूं लागली, तेव्हां मी धांवतच जिना उतरलों.

आई चष्मा लावून पाहत बसली होती. बराच वेळ तिनें कांहीं म्हटलें नाहीं. नंतर म्हणाली, "हा शनि ? मग याचें कडें कोठें आहे ?"

या प्रश्नाची मला भीति होतीच. चकतीच्या दोन्ही बाजूंस सुईच्या टोंकानें ओढावी तशी एक बारीक रेघ तेवढी दिसत होती. मीं समजावून सांगितलें कीं, कडीं अडीच लक्ष किलोमीटरांहून अधिक रुंद पसरलेलीं असलीं तरी त्यांची जाडी बहुतेक ठिकाणीं कांहीं दशक मीटरच आहे. सुमारें पंधरा वर्षांनीं एकदां पृथ्वी त्यांच्या पातळींत येते आणि मग कडें कागदाच्या धारेसारखें दिसतें. २३ मार्च २०२५ रोजीं असा योग येऊन गेला होता, आणि या नोव्हेंबरांत कडें पुन्हां जवळजवळ तितकेंच मिटलेलें होतें.

"मीं फळ्यावर असा शनि काढला असता, तर तपासणीच्या साहेबांनीं शेरा मारला असता," आई म्हणाली. "पुरें उघडणार कधीं ?"

"वर्षावर्षानें उघडत जाईल. पुरें २०३२ च्या सुमारास."

तिनें बोटांवर हिशेब केला नाहीं. बत्तीस वर्षें अंकगणित शिकविलेल्या बाईला त्याची गरज नव्हती. "म्हणजे मी एक्क्याण्णव वर्षांची," ती म्हणाली, आणि जणूं दुधाच्या रतिबाबद्दल सांगावें अशा सुरांत पुढें म्हणाली, "मग यंत्र नीट जपून ठेव."

मला उत्तर सुचेना. शनीला सूर्याभोंवतीं एक फेरी करावयास साडेएकोणतीस वर्षें लागतात. आईच्या आयुष्यांत त्याच्या दोन फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि तिसरी संपत आली, हा हिशेब मीही मनांतल्या मनांत केला आणि तेथेंच सोडून दिला. तेवढ्यांत तिनें पडद्यावर बोट ठेवून, बाजूचा एक बारीक ठिपका दाखवीत विचारलें, "आणि हें काय ?"

"टायटन. त्याचा सर्वांत मोठा चंद्र."

"म्हणजे एकटा नाहीं तो," आई म्हणाली, आणि तिनें पडद्याकडे पाहत हात जोडले. तो नमस्कार शिक्षिकेचा होता कीं तेल घालणारीचा होता, हें मला सांगतां येणार नाहीं. मीं विचारलेंही नाहीं.

डिसेंबरांत मीं नाभ्यंतर कमी करणारें भिंग लावून मृगाच्या तेजोमेघाकडे दुर्बीण वळविली. शीतक नसल्यामुळें पुण्याची थंड रात्र हाच माझा शीतक. दहा-दहा सेकंदांचीं चित्रें एकावर एक पडत गेलीं, आणि खालच्या खोलींत आईच्या डोळ्यांदेखत, प्रथम करडा डाग, मग त्याला पंख, मग त्या पंखांत गुलाबी छटा आणि मध्यभागीं हिरवट उजेड, असा तो तेजोमेघ हळूहळू उमलला. आईनें विचारलें, "हा रंग खरा, कीं तूं भरलास ?"

प्रश्न प्राध्यापकाला साजेल असा होता. मी म्हणालों, "प्रकाश खरा, तेथूनच आलेला. पण कोणता रंग किती गडद दाखवावा तें प्रमाण मीं ठरविलें."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "जिन्नस खरे असले कीं झालें. मीठ आपल्याच हातानें घालावें लागतें."

माझ्या स्नेह्यांनीं त्याच महिन्यांत त्याच तेजोमेघाचें एक चित्र काढलें. काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्यानें, तीन गाळण्यांतून, शहराबाहेर तीन रात्री जागून. तें पाहिल्यावर मी थोडा वेळ गप्प बसलों. त्यांच्या चित्रांतील धुराचे धागे मोजतां येतील इतके स्पष्ट आहेत. माझ्या चित्रांत ते एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात. हा हेवा मला अजून वाटतो, आणि पुढेंही वाटत राहील. पावतीवर न लिहिलेली माझ्या कॅमेऱ्याची किंमत ती हीच. वर्गांत आतां तें पहिल्या तासाचें वाक्य उच्चारतांना माझा आवाज थोडा बदलतो असें मला वाटतें. किंमत फार पडली म्हणून नव्हे. ती मीं मोजली आणि मला ती जड गेली नाहीं म्हणून.

एके रात्रीं दुर्बिणीवर झांकण बसवितांना नळीवरील अक्षरांकडे सहज लक्ष गेलें. आठ वर्षें तीं माझ्या डोळ्यांपुढें होतीं. नाभ्यंतर : २०३२ मिलिमीटर. मीं तो आंकडा हातांतील फडक्यानें पुसून स्वच्छ केला, झांकण घट्ट बसविलें आणि दुर्बिणीवर नेहमींच्या एका कापडाऐवजीं दोन कापडें घालून खालीं आलों.